एक दाखला राहिलाय, बाबा

माझे सासरे सेहेचाळीस वर्षं एकाच छापखान्यात प्रूफरीडर होते. अडुसष्टाव्या वर्षी छापखाना बंद पडला तेव्हा कुठे ते घरी बसले. पहिले दोन महिने औषधांच्या बाटल्यांवरची आणि बिस्किटांच्या पुड्यांवरची अक्षरं तपासण्यात गेले. मग त्यांनी घराण्याचा इतिहास लिहायला घेतला.

नुसत्या आठवणी त्यांना चालत नसत. "आठवण म्हणजे न तपासलेलं प्रूफ," असं ते म्हणायचे. जन्माचा, लग्नाचा आणि मेलेल्यांचा मृत्यूचा, असे दाखले हातात आल्याशिवाय ते कुणाचं नाव शाईने लिहीत नसत. तोपर्यंत माणूस पेन्सिलीत. नोंदणी कार्यालयातून छापील अर्जांचा गठ्ठा आणून ठेवला होता. रोज दुपारी दोन-तीन अर्ज भरायचे आणि संध्याकाळी फिरायला जाताना पोस्टात टाकायचे. पंधरा-वीस दिवसांनी लांबट खाकी पाकिटं यायला लागली.

जिन्याखालच्या टपालपेटीची किल्ली माझ्याकडे असायची, कारण साडेपाचला मीच पहिली घरी पोचायचे. मी कवळ्या बनवते. दातांच्या डॉक्टरांकडून मापं येतात, मी मेणात दात बसवते, घासते, रंग जुळवते. बाबांच्या तोंडातली कवळीही मीच केलेली. उच्चार स्वच्छ यावेत म्हणून पुढचे दात त्यांनी तीनदा बदलून घेतले होते. पाकिटं मी वर आणून त्यांच्या ताटाच्या डावीकडे ठेवायची. जेवायला सगळे बसले की ते बोथट सुरीने पाकीट फोडायचे आणि मोठ्याने वाचायचे. छापखान्यात एक जण वाचतो आणि दुसरा तपासतो, त्यामुळे त्यांना विरामचिन्हांसकट वाचायची सवय. "मृत्यूचे कारण, अपूर्णविराम, पटकी, पूर्णविराम."

पहिलं वर्ष मजेचं गेलं. पणजोबांच्या लग्नाच्या दाखल्यात 'व्यवसाय' ह्या रकान्यात 'काही नाही' असं लिहिलेलं निघालं, तर आमची अकरा वर्षांची लेक ताटावर कोसळेपर्यंत हसली. मग मेलेले संपत आले आणि बाबा जिवंतांकडे वळले. सासूबाईंचा जन्माचा दाखला आला. लग्नाच्या वेळी सांगितलं होतं त्यापेक्षा त्या दोन वर्षांनी मोठ्या निघाल्या. ताट वाढायला घेतलं तेव्हा सहासष्टच्या होत्या, ताट उचलेपर्यंत अडुसष्टच्या झाल्या.

"बघा, दोन वर्षं कुठे गेली म्हणत होते ती सापडली," सासूबाई हसत म्हणाल्या.

"हसण्यासारखं काय आहे?" बाबा म्हणाले. "चव्वेचाळीस वर्षं मी चुकीचं वय सांगत आलो लोकांना. तुझ्यामुळे."

सासूबाईंनी हसू गिळलं आणि पाणी वाढलं. त्या असंच करायच्या. त्या घरात माझ्याशी सरळ बोलणारं माणूस म्हणजे त्याच. मी कामावरून आले की माझ्या नखांत अडकलेलं प्लास्टर त्या सेफ्टी पिनने काढून द्यायच्या आणि तोवर दिवसभराचं सगळं विचारून घ्यायच्या.

मग बाबा म्हणाले, "सुनेची बाजूही हवी. वंशवृक्ष अर्धाच काढून काय उपयोग?"

"राहू द्या ना बाबा, आमच्याकडे काय आहे एवढं," मी म्हणाले.

"का? लपवण्यासारखं काही आहे?"

"नाही."

आता नाही म्हटल्यावर पुढे काय बोलणार? माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, मी नऊ वर्षांची असताना गेले. हृदयविकाराने गेले, असं मी सगळ्यांना सांगितलेलं. सासरी सांगितलं, नवऱ्याला सांगितलं, लेकीलाही सांगितलं. ते वाक्य माझ्या आईने आम्हा दोघी बहिणींकडून घोकून घेतलं होतं आणि नंतर मी ते इतक्या वेळा म्हटलं, की अण्णा छातीला हात लावून खुर्चीत बसतायत असं माझ्या डोळ्यांसमोर यायचं. ते तसे कधीच बसले नव्हते.

अण्णांचं पाकीट मी स्वतःच्या हाताने वर नेलं. त्या दिवशी सहा पाकिटं होती, कुठलं कशाचं ते वरून कळत नाही.

बाबांनी नाव वाचलं, वय वाचलं, एकोणचाळीस. "मृत्यूचे कारण, अपूर्णविराम, बुडून, स्वल्पविराम, स्वतःहून, पूर्णविराम." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "हृदयविकार म्हणाली होतीस."

मी घास तोंडात धरून बसले.

"स्वतःहून म्हणजे?" लेकीने विचारलं.

"म्हणजे अपघात नव्हे," बाबा म्हणाले. "जीव दिला. तुझ्या आईला ठाऊक असणार. नऊ वर्षांचं मूल एवढं काही लहान नसतं."

"बाबा, पुरे," नवरा म्हणाला, पण हळू, मीठ मागावं तसं.

"मी कुठे काय म्हणतोय? नोंद आहे ही. माझं मत नाही." त्यांनी कागदाची घडी घातली आणि पुढचं पाकीट फोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लेकीची वेणी घालत होते. आरशात माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "त्यांना तू आवडायची नाहीस का?" मी वेणी पुरी केली. रबर दोनदा तुटलं. नवऱ्याचं तिसरंच. त्याला वडिलांचा राग आलाच नाही, आला तो माझा. "मला तरी सांगायचंस. इतकी वर्षं मी चारचौघांत हृदयविकार सांगत फिरलो. बाबा वाईट हेतूने नाही करत, तुला माहितीय." सासूबाई संध्याकाळी माझा हात घेऊन बसल्या आणि नेहमीपेक्षा जास्त वेळ नखं साफ करत राहिल्या.

मला ते पुरलं नाही. मला बाबांना दुखवायचं होतं. आणि ते कुठे दुखतील हे शोधायला फार लांब जावं लागलं नाही, कारण ती जागा त्यांनी स्वतःच पेन्सिलीने लिहून ठेवली होती.

बाबांची आई त्यांना जन्म देताना गेली, असं त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेलं. त्यांच्या जन्माची तारीख हीच तिच्या मृत्यूची तारीख. पण तिच्या मृत्यूचा दाखला काही मिळेना. तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं, 'नोंद आढळत नाही.' तिसऱ्या उत्तरातल्या व्याकरणाच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून त्यांनी तो कागद कार्यालयाला परत पाठवला होता. सगळ्या झाडात सरळ वर जाणाऱ्या फांदीवर हे एकच नाव पेन्सिलीत उरलं होतं. त्यावरून खोडरबर फिरवून ते पुन्हा नीट लिहायचे, जरा जास्त सुबक.

माझी सुट्टी गुरुवारी असते. मी गुरुवारी नोंदणी कार्यालयात गेले.

लांबलचक खोली, भिंतीला टेकून बाकं, काचेला बोलायला गोल भोक आणि त्याखाली सुतळीने बांधलेलं पेन. काचेमागे उजव्या हाताच्या बोटाला रबरी टोपी घातलेली कारकून बाई होती. मी बाबांकडे उरलेली दोन उत्तरं तिच्यापुढे सरकवली.

"हे ते लाल पेनवाले का?" ती म्हणाली.

"सासरे माझे."

"बरं. तुमचे सासरे दर वेळी एकाच वर्षाचा शोध मागतात. आम्ही मागेल ते वर्ष बघतो, मागेल तेवढंच बघतो. त्या वर्षी ह्या बाई मेलेल्या नाहीत."

"म्हणजे नोंद राहून गेली असेल?"

"बाळंतपणात, ते पण शहराच्या दवाखान्यात? बाळाची नोंद झाली आणि आईची राहिली?" तिने टोपीचं बोट काचेवर वाजवलं. "मला विचाराल तर आधी लग्नाची वही बघा. माहेरच्या नावाने. बाई सापडत नाही तेव्हा बहुतेक वेळा तिने आडनाव बदललेलं असतं."

तीन गुरुवार लागले. दुसऱ्या गुरुवारी लग्न सापडलं. बाबा चार वर्षांचे असताना. वर सुतार, वधूचं वय चोवीस, वधूची पूर्वस्थिती घटस्फोटित. तिसऱ्या गुरुवारी नव्या आडनावाने मृत्यूच्या सूचीत तिचं नाव सापडलं. सूचीत नाव आणि वर्ष एवढंच असतं. मी बोटांवर मोजलं. बाबा तेव्हा एक्केचाळीस वर्षांचे होते.

मी मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरला. अर्जदार म्हणून बाबांचं नाव टाकलं. नातं, मुलगा.

"वही वरच आहे," कारकून बाई म्हणाली. "पाच मिनिटं थांबा, हातात देते."

"नको," मी म्हणाले. "पोस्टानेच पाठवा."

पाकीट यायला बारा दिवस लागले. बारा दिवस रोज टपालपेटी उघडताना मी स्वतःला विचारत असे, की आलं तर काढून घ्यायचं का. उत्तर रोज एकच यायचं. आलं त्या दिवशी आणखी दोन पाकिटं होती. माझ्या पावतीवरचा क्रमांक पाकिटावर जुळवून मी ते सगळ्यांत खाली ठेवलं.

नेमकं त्या संध्याकाळी बाबांना सर्दीने बेजार केलं होतं. नाक गळत होतं, आवाज बसला होता. दोन पाकिटं कशीबशी वाचून झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आज पुरे आता. झोपा लवकर." बाबा रुमाल घेऊन उठायला लागले.

"एक दाखला राहिलाय, बाबा," मी म्हणाले.

ते परत बसले. सुरीने पाकीट फोडलं. "नाव, अपूर्णविराम," म्हणाले आणि पहिलं नाव वाचलं. ते त्यांच्या आईचंच नाव होतं. आडनाव वाचताना अडखळले, पण थांबले नाहीत. वाचायला घेतलेलं मधे सोडायची त्यांना सवयच नव्हती. "पूर्वीचे नाव, अपूर्णविराम," आणि आईचं माहेरचं नाव. वय एकसष्ट. मृत्यूचं कारण फुप्फुसाचा विकार. "मृत्यूचे ठिकाण, अपूर्णविराम, राहते घर, स्वल्पविराम, घर क्रमांक सात," आणि मग गल्लीचं नाव. "माहिती देणाऱ्याचे नाव व नाते, अपूर्णविराम." नाव वाचलं. "मुलगी." पूर्णविराम म्हणायचा राहिला.

त्यांनी शर्टाच्या खिशातून लाल पेन काढलं. कागद दिव्याखाली धरला. एकेका ओळीखालून पेन हवेत फिरवत परत पहिल्यापासून वाचलं, मनात. कुठेतरी चूक सापडेल म्हणून शोधत होते. त्यांची मान हलायची थांबली तेव्हा मला कळलं, की सापडली नाही.

"वय बरोबर येतं," ते म्हणाले. मग कागद खाली ठेवून, "ही गल्ली छापखान्याच्या मागची. सात नंबरखाली सायकलचं दुकान होतं. मी रोज हवा भरायचो तिथे." ओठ हलवून त्यांनी हिशेब केला. "एकोणीस वर्षं."

"म्हणजे त्या मेल्याच नव्हत्या?" लेकीने विचारलं. मग तिनेच जुळवून घेतलं. "त्यापण स्वतःहून गेल्या?"

बाबांनी तिच्याकडे बघितलं. त्यांचं तोंड उघडं होतं आणि वरची कवळी सुटून जिभेवर आली होती. मी केलेली कवळी सुटत नाही कधी.

खोटं कशाला सांगू, मला भूक लागली. त्या दिवशी मी नेहमीपेक्षा जास्त जेवले. सासूबाईंकडे माझं लक्षच नव्हतं. त्या टेबलाची कड धरून बसल्या होत्या, एवढं आठवतं.

पुढच्या गुरुवारी सकाळी बाबा बूट घालून माझ्या दारात उभे. "चल माझ्याबरोबर. ती मुलगी अजून तिथेच राहते. चौकशी केली मी."

"मी कशाला?"

"अर्ज तू भरलास म्हणून. त्याची प्रत जोडतात पाकिटात, माहीत नव्हतं तुला? अक्षर तुझं. 'पूर्वीचे' मधला 'पू' ऱ्हस्व काढलायस." मी ओरडा खायला तयार होऊन उभी राहिले. पण ते म्हणाले, "शोध चांगला घेतलास. माझ्या लक्षात यायला हवं होतं लग्नाच्या वहीचं. ह्या घरात पुराव्याची किंमत कळणारी तू एकटीच निघालीस."

एवढं सगळं करून मला शाबासकी मिळाली. मी चपला घातल्या.

सात नंबरच्या दुसऱ्या मजल्यावर बाबांची बहीण राहत होती. पासष्टीची, बसमध्ये कंडक्टर होती, आता निवृत्त. अजूनही खणखणीत आवाज आणि समोरच्याच्या पायांकडे आधी बघायची सवय. आम्ही कोण ते सांगायची वेळच आली नाही. "तुम्ही का," ती बाबांना म्हणाली. "बसा. पाणी हवं असेल तर तिथे माठ आहे."

बाबांनी दाखला काढून मांडीवर ठेवला. "तिला माहीत होतं मी कुठे काम करतो ते?"

"आई ह्याच खिडकीत बसायची. साडेनऊला तुमची सायकल यायची. रोज बघायची."

"मग हाक का नाही मारली?"

"मारणार होती एकदा. मी पंचवीस-सव्वीस वर्षांची होते, मला आठवतंय. केस विंचरून, चांगलं नेसून खाली उतरली. तुम्ही छापखान्याच्या मागच्या दारात उभे होतात. अक्षरांचे खिळे जुळवणारे एक म्हातारे होते, त्यांना सगळ्यांसमोर झापत होतात. कुठलंतरी अक्षर उलटं लागलं म्हणून. ते म्हातारे रडत होते. आई जिन्यात थोडा वेळ उभी राहिली आणि वर आली. साडी बदलली. म्हणाली, बापावर गेलाय." कंडक्टरबाईने खांदे उडवले. "तुमचे वडील तिला शब्द चुकला की मारायचे. एका चुकीला एक. तुम्हाला घेऊन पळाली होती ती, पण मूल त्यांनी काढून घेतलं. हे मी ऐकलेलं सांगते."

"त्यानंतर?"

"त्यानंतर काय? त्यानंतरही बघायची खिडकीतून. पण बोलायची नाही. तुमच्या घरी मात्र एकदा आली होती, त्याच्याही आधी. तुम्हाला मुलगा झाला तेव्हा. दुपटं शिवून घेऊन आली होती. तुमच्या बायकोने दारातूनच घालवली. ह्या नावाचं इथे कोणी नाही म्हणून सांगितलं."

बाबांनी दाखल्याची घडी घातली.

"विचारा घरी," ती म्हणाली. "आणि परत येऊ नका. तुम्ही तिच्यासारखे दिसता. मला ते नको वाटतं."

परत येताना बाबा भरभर चालत होते. मला वाटलं होतं आता ते मोडून पडतील. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी एखाद्याला असं कळावं, म्हणजे पडेलच माणूस. पण पाठ अगदी ताठ होती त्यांची. कोपऱ्यावर थांबून मला म्हणाले, "तू ऐकलंस ना? नेमके शब्द लक्षात ठेव. 'ह्या नावाचं इथे कोणी नाही,' असंच म्हणाली ना ती? 'कोणी राहत नाही,' असं नाही?"

मी बाबांवर नेम धरला होता. तो त्यांना लागून पुढे कुठे जाणार, ते मला त्या कोपऱ्यावर दिसलं.

जेवायला बसल्यावर त्यांनी विचारलं. सासूबाईंनी नाकारलं नाही. हातातला डाव भांड्यात ठेवला आणि सांगितलं, "आल्या होत्या. मी पंधरा दिवसांची बाळंतीण होते. मामंजी आतल्या खोलीत बसले होते. त्यांनी मला लग्न झाल्यावरच बजावून ठेवलं होतं, की ती बाई कधी आली तर दारातून घालवायची, नाहीतर तिच्यासारखी तूही मूल ठेवून बाहेर पडशील. मी घाबरले. मी म्हटलं, ह्या नावाचं इथे कोणी नाही."

"बेचाळीस वर्षं झाली," बाबा म्हणाले.

"मामंजी गेल्यावर सांगणार होते. पण तोवर त्याही गेल्याचं कळलं. मग काय सांगायचं?"

"दार कितीदा वाजलं?"

"काय?"

"कितीदा वाजवलं तिने? एकदा? दोनदा?"

त्या दिवसापासून पाकिटं फोडणं बंद झालं. आई दारात आली ती सकाळ बाबा रोज जेवताना तपासायला घ्यायचे. वहीत पहिल्या दिवसाचे शब्द लिहून ठेवलेले. ते समोर ठेवून सासूबाईंना पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावायचे. "मंगळवारी तू 'म्हातारी बाई' म्हणालीस. आज नुसतं 'बाई' म्हणतेस. तेव्हा ती एकोणपन्नास वर्षांची होती. म्हातारी का वाटली तुला?" "दुपट्याचा रंग?" "आठवत नाही म्हणजे बघितलं नाहीस, की बघून विसरलीस?" आवाज चढवायचे नाहीत. सासूबाई उत्तरं द्यायच्या. दोन आठवड्यांत त्या स्वतःच अडखळायला लागल्या, आपल्याला काय आठवतंय आणि बाबांनी काय वाचून दाखवलंय हे त्यांना वेगळं करता येईना. एकदा म्हणाल्या, त्या रडत होत्या. बाबांनी वही चाळली. "हे पहिल्यांदाच येतंय. आता घातलंस का तू हे?"

नवरा ताट घेऊन आतल्या खोलीत जायला लागला. लेकही त्याच्या मागे. टेबलावर आम्ही तिघंच उरलो आणि मी तिथे बसून राहिले. एखाद्या शब्दावर अडलं की बाबा माझ्याकडे वळायचे, "त्या बाईने काय सांगितलं होतं गं?" आणि मी सांगायचे. बरोबर तेच शब्द. मला आठवत नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण नेमकं उत्तर दिलं की ते मान डोलावायचे आणि त्या घरात नऊ वर्षांच्या मुलीसारखं मला ते बरं वाटायचं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

महिनाभराने सासूबाईंनी बॅग काढली. धाकट्या बहिणीकडे आठ दिवस जाऊन येते म्हणाल्या. पण थंडीचे कपडे भरत होत्या आणि तेव्हा उन्हाळा होता. मी घड्या घालून द्यायला बसले.

"बाबांना मी सांगू का, की पुरे करा?" मी विचारलं.

"आता काय," त्या म्हणाल्या. "छापून झालंय."

मग बॅगेची चेन लावता लावता, तोंड तिकडेच ठेवून, म्हणाल्या, "तुझ्या वडिलांचं मला तुमच्या लग्नाआधीपासून ठाऊक होतं."

मी घडी घालायची थांबले.

"चौकशी मीच केली होती. तुमच्या आळीतल्या शिंपिणीने सांगितलं. मी घरी येऊन म्हटलं, वडील हृदयविकाराने गेले, बाकी सगळं चांगलं आहे." चेन अडकली होती, त्यांनी ती मागे घेऊन परत ओढली. "ह्यांना खरं सांगितलं असतं तर तू ह्या घरात आली नसतीस. हा अर्ज पाठवायच्या आधी तू माझ्याकडे यायचंस. मी सांगितलं असतं तुला सगळं."

"मला माहीत नव्हतं तुमचं."

"हो, तुला कसं माहीत असणार."

त्या चिडून बोलल्या असत्या तर मला काहीतरी बोलता आलं असतं. त्यांनी माझ्याकडून उरलेल्या घड्या घेतल्या, बाहेरच्या खणात कोंबल्या आणि रिक्षा आली का बघायला खिडकीशी गेल्या.

आठ दिवसांचे सात महिने झालेत. नवरा दर शनिवारी लेकीला घेऊन तिकडे जातो, रविवारी परत येतो. मी येऊ का, असं मी एकदा विचारलं. तो म्हणाला, आईला विचारतो. नंतर त्याने तो विषय काढला नाही आणि मीही नाही. बाबांनी आईचं नाव शाईने लिहिलं. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं, मुलीचंही लिहिलं. कंडक्टरबाईला दोन पत्रं पाठवली, दोन्ही न फोडता परत आली. गुरुवारी मी त्यांच्यासाठी नोंदणी कार्यालयात जाते. कारकून बाई मला आता नंबर घ्यायला लावत नाही.

संध्याकाळी जेवणं झाली की बाबा वही घेऊन फोनपाशी बसतात आणि सासूबाईंना फोन लावतात. रोज एक प्रश्न. सासूबाई फोन उचलतात. त्यांनी तो का उचलावा, बहीण त्यांना उचलू तरी का देते, मला कळत नाही. एक दिवस उचलला नाही तर काय होईल? काही होणार नाही. पण त्या उचलतात. मी भांडी घासता घासता ऐकते, कारण ऐकू येतं.

परवा रविवारी बोलता बोलता बाबांनी मधेच फोन माझ्याकडे धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणते."

सात महिन्यांत पहिल्यांदा. मी हात पुसले. फोन कानाला लावला. मी "आई" म्हणाले.

"लेकीची गणिताची वही इथे राहिलीय," सासूबाई म्हणाल्या. "उद्या तिला शाळेत लागेल. बाईंना चिठ्ठी लिहून दे, नाहीतर उगाच ओरडा खाईल ती."

"बरं," मी म्हणाले. "आई, तुम्ही..."

"दे त्यांच्याकडे फोन."

मी फोन बाबांकडे दिला. त्यांनी वहीत बोट घालून ठेवलं होतं, ते पान उघडलं, घसा साफ केला.

"हं. तर दार किती उघडलं होतंस? पूर्ण, की नुसती फट?"